लिंकांची देवाणघेवाण: पावसाळा आणि हिवाळा पार पडल्यावरचा अनुभव

दोन साइटींनी एकमेकींना लिंका दिल्या की गूगल त्यांना शोधात खाली ढकलतं, अशी भीती अनेकांना असते. म्हणून आधी निकाल सांगते. संबंधित साइटींशी अशी देवाणघेवाण करूनही गूगलच्या शोधातलं माझ्या साइटचं रँकिंग घसरलं नाही, काही पानं तर वर आली. पण ‘तुम्ही आमची टाका, आम्ही तुमची टाकतो’ एवढ्याच बोलीवर मी एकही लिंक दिलेली नाही. पुढचं सगळं त्या अटीसकट वाचावं.

माझी साइट सह्याद्रीतल्या किल्ल्यांची आहे: वाटा, पाण्याची टाकी, पायथ्याची गावं, एसटीच्या वेळा. गेल्या जूनपासून वनस्पतींवरची एक साइट, शिलालेख आणि वीरगळांवर लिहिणारी एक साइट आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईत, मुक्कामाची सोय करणाऱ्या एका घराची साइट यांच्याशी देवाणघेवाण सुरू केली.

सुरू करण्याआधी गूगलचं स्पॅम धोरण मुळातून वाचलं. ते प्रत्येकाने वाचावं, कारण त्याविषयीची भीती धोरणापेक्षा मोठी आहे. तिथे आक्षेप आहे तो अतिरेकी देवाणघेवाणीवर आणि फक्त एकमेकांना लिंका देण्यासाठी बनवलेल्या पार्टनर पानांवर. एकाच विषयावर काम करणाऱ्या दोन साइटींनी गरजेच्या जागी एकमेकींकडे बोट दाखवणं त्यात येत नाही. २४ एप्रिल २०१२ रोजी पेंग्विन अपडेट, म्हणजे बनावट लिंका हेरणारा गूगलच्या शोधपद्धतीतला बदल, आला तेव्हा विकतच्या आणि जुळवून आणलेल्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइटी खाली गेल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन ४ आल्यापासून गूगल अशा लिंका बहुतेक वेळा मोजतच नाही. त्यामुळे नुकसान झालं नाही म्हणजे फायदा झाला असं समजू नये. कित्येकांची वर्षभराची मेहनत अशी शून्यात जाते आणि त्यांना ते कळतही नाही.

खरी गोष्ट आहे लिंक कुठे बसते याची. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, हे माझ्या हरिश्चंद्रगडाच्या पानावर एका ओळीत होतं. वाचकाला त्यापुढचं हवं असतं: फूल ओळखायचं कसं, गेल्या वेळी कुठल्या भागात फुललं होतं, बहर किती दिवस टिकतो. हे सगळं त्या वनस्पतींच्या साइटवर उत्तम लिहिलेलं आहे. म्हणून लिंक त्याच ओळीत दिली, आणि थेट त्यांच्या कारवीच्या पानाकडे, होमपेजकडे नाही. त्यांनी दिलेली लिंक दुसऱ्याच लेखातून आली. कोकणकड्याच्या आसपासच्या झाडांवर लिहिताना त्यांनी खिरेश्वर आणि पाचनईच्या वाटांसाठी माझ्या पानाकडे वाचक पाठवले. लिंकवरचे शब्दही ज्याचे त्याने, वाक्यात बसतील तसे लिहिले. सगळीकडून ‘महाराष्ट्रातील सर्वोत्तम ट्रेकिंग’ अशा एकाच छापाच्या लिंका आल्या असत्या तर मी स्वतः त्या बदलायला सांगितल्या असत्या. साइडबारमध्ये किंवा फुटरमध्ये, म्हणजे साइटच्या प्रत्येक पानावर उमटणारी लिंक आम्ही ठेवली नाही.

प्रत्येक लिंक देताना एकच प्रश्न विचारते: उद्या त्यांनी माझी लिंक काढली, तरी मी त्यांची ठेवीन का? शिलालेखांच्या बाबतीत उत्तर लगेच आलं. गडावरच्या मंदिराच्या परिसरात शिलालेख आहेत, त्यांचं वाचन हा माझा प्रांत नाही, आणि ज्यांनी आयुष्य त्यात घातलं त्यांच्याकडेच वाचकाने जावं.

पाचनईच्या घराबाबत मात्र जपावं लागलं. मालकांचा फोन आला, “ताई, लिंक टाका, पुढच्या वेळी जेवण-मुक्काम आपल्याकडंच. पैशाचं नाव काढायचं नाही.” माया खरी होती, पण फुकट मुक्काम घेऊन दिलेली लिंक ही पैसे घेऊन दिल्यासारखीच. तिला ‘स्पॉन्सर्ड’ची खूण, म्हणजे ही लिंक मोबदला घेऊन दिली आहे हे गूगलला सांगणारी खूण, लावावी लागते. ही खूण गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये आणली, त्याआधी २००५ पासून ‘नोफॉलो’ (या लिंकला वजन देऊ नका, असं सांगणारी खूण) होतीच. मी त्यांना हे समजावून सांगितलं, मुक्कामाचे पैसे दिले आणि साधी लिंक दिली. त्यांनीही त्यांच्या ‘कसे यावे’ या पानावर माझ्या वाटेच्या वर्णनाची लिंक टाकली. आज सगळ्यात जास्त उपयोगी वाचक मला तिथूनच येतात, कारण ते खरोखर गडावर निघालेले असतात.

परिणाम मोजताना घाई करू नये. किल्ल्यांचा शोध पावसाबरोबर वाढतो, त्यामुळे मे आणि जुलैची तुलना फसवी असते. साइट गूगलच्या शोधात कशी दिसते हे मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांची आकडेवारी राहते, म्हणून जुलै शेजारी आधीचा जुलैच ठेवून पाहिला. त्यातही राजगड आणि लोहगडाची पानं बाजूला ठेवली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हे दोन्ही आहेत. तिथली वाढ लिंकांच्या नावावर लिहिणं खोटं ठरेल. हरिश्चंद्रगड त्या यादीत नाही, त्यामुळे त्याचं पान हा बरा पुरावा. पाचनई वाटेच्या शोधात ते दुसऱ्या पानावरून पहिल्या पानाच्या खालच्या भागात आलं आणि तिथे टिकलं. मधल्या काळात मी मजकूरही सुधारला होता, म्हणून सगळं श्रेय लिंकांना देणार नाही. सर्च कन्सोलमधलं मॅन्युअल ॲक्शनचं, म्हणजे गूगलने साइटवर केलेल्या कारवाईची नोंद दाखवणारं, पान कोरं आहे.

त्रासही आहे. नवी लिंक सर्च कन्सोलच्या अहवालात दिसायला कधी कधी काही आठवडे जातात. शिवाय दिलेल्या लिंका अधूनमधून उघडून पाहाव्या लागतात. देवाणघेवाण नसलेल्या, जुन्या एका लिंकमागचं डोमेन मुदत संपून दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलं आणि तिथे रमीच्या जाहिराती लागल्या. ती लिंक त्याच दिवशी काढली. मुदत संपलेली डोमेनं अशी वापरणं मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन नोंदलेलं आहे. दलालांच्या मेलही येतात: तुम्ही पहिल्याला द्या, तो दुसऱ्याला देईल, दुसरा तुम्हाला. या तिहेरी फेऱ्यात वाचक कुठेच नसतो, आणि समोरची साइट कर्जाची किंवा केसगळतीची असते. मी उत्तरही देत नाही.

सध्या रतनगडाजवळच्या सांदण दरीच्या पानावर काम चालू आहे. दख्खनच्या बेसाल्टवर लिहिणाऱ्या एका अभ्यासकांनी देवाणघेवाणीचं विचारलं आहे. दरी कशी तयार झाली यावर त्यांच्या साइटवर अजून लेख नाही. तो ते लिहिणार आहेत, आणि लेख आला की लिंक देईन.