एस-लेयर की डीएनए ओरिगामी?

सोन्याचे नॅनोकण किंवा एन्झाइम ठरावीक अंतरावर बसवायचे म्हटलं की डीएनए ओरिगामीचं, म्हणजे डीएनएच्या धाग्याला घडी घालून आकृती बनवण्याच्या तंत्राचं, नाव आधी निघतं. पण त्याआधी एक ठरवा: तुम्हाला आकृती हवी आहे की नुसती जाळी? जाळीने भागणार असेल तर माझं मत सरळ जिवाणूंच्या एस-लेयरला.

एस-लेयर म्हणजे अनेक जिवाणूंच्या आणि बहुतेक आर्किआंच्या (जिवाणूंसारख्या पण वेगळ्या गटातल्या एकपेशीय जीवांच्या) पेशीवरचं, एका रेणूच्या जाडीचं प्रथिनाचं बाह्य आवरण. त्यातली छिद्रं साधारण २ ते ८ नॅनोमीटरची आणि एका जाळीत एकसारखी. म्हणूनच व्हिएन्नात उवे स्लायटर आणि मार्गिट सारा या संशोधकांनी त्यापासून गाळण-पटलं बनवली. प्रयोगशाळांत बरंच वापरलं जाणारं प्रथिन म्हणजे लायसिनिबॅसिलस स्फेरिकस या जिवाणूचं एसबीपीए (SbpA). त्याची जाळी चौकोनी, दर १३.१ नॅनोमीटरला तोच नमुना. ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडने ते पेशीभित्तिकेवरून सोडवायचं, डायलिसिस करून ते रसायन काढून टाकायचं, आधीच जुळलेले तुकडे सेंट्रिफ्यूजने खाली बसवायचे आणि वरच्या द्रावणात कॅल्शियम घालून ते सिलिकॉनवर सोडायचं. बाकीचं प्रथिनच बघतं. सवयीने फॉस्फेट बफर मात्र घेऊ नका. कॅल्शियमचा साका बसेल आणि जाळी काही जुळणार नाही.

खोट आहेच. स्फटिक एकाच वेळी अनेक ठिकाणांहून वाढतात आणि एकमेकांना भिडतात तिथे ओळी जुळत नाहीत. एएफएमखाली (अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली) हे सांधे चक्क दिसतात. सेन्सरच्या लेपाला त्याने फरक पडत नाही, सलग बिनचूक रांगा हव्या असतील तर पडतो.

पॉल रॉथमुंड यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ओरिगामीत एम१३ विषाणूच्या डीएनएचा लांब धागा डीएनएच्याच दोनशेच्या वर छोट्या तुकड्यांनी घडी घालून बांधतात. प्रत्येक तुकड्याचा पत्ता वेगळा, त्यामुळे एकच कण नेमक्या एकाच जागी बसवता येतो. एस-लेयरला हे जमत नाही: प्रथिनाला स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) जोडलं की ते जाळीच्या घरोघरी उगवणार. पण ओरिगामीची एकेक आकृती जेमतेम शंभर नॅनोमीटरची, मॅग्नेशियम कमी पडलं तर विस्कटणारी, न्यूक्लिएजला (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमला) बळी पडणारी. एस-लेयर मात्र ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने पक्का करता येतो.

थोडक्यात, दोन रंगरेणूंमधलं अंतर मोजून ठेवायचं असेल तर ओरिगामी; अँटीबॉडी दाटीने बसवायच्या असतील तर एसबीपीए. मात्र त्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. कोणती वर राहील हे पृष्ठभाग पाणी धरतो की झटकतो यावर बरंच अवलंबून असतं, तेव्हा सिलिकॉनवरची प्रक्रिया आधी ठरवा, प्रथिन मागाहून मागवा.