मुदतपूर्व बाळाचा ऊर्जाखर्च: हूड की चिन्हांकित पाणी?

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास हाती घेताना अप्रत्यक्ष उष्मामापनाचा हूड (बाळाच्या डोक्यावर ठेवून, वापरलेला प्राणवायू आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजून ऊर्जाखर्च काढणारे झाकण) वापरावा की दुहेरी चिन्हांकित पाणी (हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्हींचे जड समस्थानिक, म्हणजे जड अणू असलेले पाणी), हा प्रश्न पडतोच. मलाही ते ठरवावे लागले होते आणि काही काळ मी दोन्ही पद्धती वापरल्या.

हूडचे उत्तर त्याच दिवशी हाती येते. वजन न वाढणाऱ्या बाळाच्या दुधात फोर्टिफायर (पोषण वाढवणारी पूरक भर) वाढवायचा का, हे उद्याच्या राउंडला ठरवायचे असेल, तर त्याला पर्याय नाही असेच मी म्हणेन. १२०० ग्रॅमचे बाळ मिनिटाला जेमतेम ८ ते १० मिलिलिटर प्राणवायू वापरते, त्यामुळे हूडच्या कडेची बारीक फटही आकडा बिघडवते. तरी सरावाने तेवढे सांभाळता येते. मला सांभाळता आले नाही ते वेगळेच. दोन फीडच्या मध्ये बाळ शांत झोपले की आम्ही हूड ठेवत असू, आणि नेमकी तीच वेळ कांगारू मातृसेवेची, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची असे. आई गाऊन घालून दाराशी उभी आणि मी तिला "अजून वीस मिनिटे" सांगतो आहे, असे इतक्यांदा घडले की मला त्या मोजणीचाच संकोच वाटू लागला. शिवाय त्या निवडक शांत तासावरून २४ तासांचा हिशेब मांडताना रडणे, हाताळणी आणि आईजवळची ऊब हे सारे बाहेरच राहते.

चिन्हांकित पाण्याचा डोस नळीतून एकदा दिला की पुढचे पाच-सात दिवस डायपरमधल्या कापसाच्या बोळ्यातून लघवी गोळा करण्यापलीकडे बाळाला त्रास नाही, आणि आईजवळचे तासही मोजणीत येतात. त्या पाण्यातला जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, महाग आहे, निकालाला आठवडे लागतात आणि मोजला जातो तो केवळ कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे श्वसन गुणांक (सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे वापरलेल्या प्राणवायूशी प्रमाण) गृहीत धरावा लागतो. सलाईन किंवा दूध मध्येच बदलले तर समस्थानिकांची मूळ पातळी सरकते, आणि फार लहान बाळांत त्वचेवाटे होणाऱ्या बाष्पीभवनासाठी हिशेबात करायची दुरुस्ती नाजूक असते. म्हणून सलाईनवरच्या बाळांसाठी मी ही पद्धत सुचवणार नाही. पूर्ण फीडवर आलेल्या, स्थिर बाळांच्या अभ्यासासाठी मात्र, निकालाची घाई नसेल आणि खर्च झेपत असेल तर, मी आज हीच निवडेन. फक्त मूळ पातळी कळण्यासाठी लागणारा डोसपूर्वीचा लघवीचा नमुना आदल्या रात्रीच घेऊन ठेवावा. बाळाने वेळेवर लघवी न केल्यामुळे डोस पुढे ढकलण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे.