पटायाजवळचं को लान बेट: ‘शांत किनारा, फक्त कपल्ससाठी’ या टूरमध्ये पैसे कुठे कुठे जातात

थायलंडला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक जोडप्यांच्या पॅकेजमध्ये एक दिवस ‘कोरल आयलंड’चा असतो. पटायाच्या बाबतीत हे बेट म्हणजे को लान. किनाऱ्यापासून साधारण साडेसात किलोमीटर आत, लांबीला जेमतेम चार किलोमीटर. पाणी नितळ, वाळू पांढरी, आणि सकाळी लवकर पोचलात तर तियेन, समे, नुअल या किनाऱ्यांवर खरोखर निवांत बसता येतं. बेट सुंदरच आहे, जरूर जा. पण ज्या पद्धतीने ते पर्यटकांना विकलं जातं, तिथे सांभाळायला हवं. परतीची बोट ज्याच्या ताब्यात, दिवसभराचे भाव त्याच्या ताब्यात. पुढचे सगळे प्रकार याच एका गोष्टीवर चालतात.

सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. बीच रोडवर किंवा हॉटेलच्या लॉबीत एक छोटं टेबल असतं, त्यावर लॅमिनेट केलेले फोटो. विक्रेता मोडकंतोडकं हिंदी बोलतो, कधी तो भारतीयच असतो. फोटो दाखवतो तियेन किनाऱ्याचा, माणसं नसलेला, पहाटेचा. ‘नो क्राउड, ओन्ली कपल, इंडियन लंच, सगळं इन्क्लुडेड.’ माणशी ८०० ते १००० बाथ सांगतो आणि थोडी घासाघीस करून दोघांचे मिळून १५०० ला तयार होतो. बाथचा भाव अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये धरा, म्हणजे चारेक हजार रुपये झाले. स्वस्त पडलं असं वाटतं.

इथे हातात मिळणारी पावती नीट बघा. तिच्यावर हॉटेलचं नाव, खोली क्रमांक, पिकअपची वेळ आणि एक मोबाइल नंबर असतो. नसतात त्या गोष्टी महत्त्वाच्या: कोणता किनारा, स्पीडबोट की फेरी, वाटेतले थांबे, परतीची वेळ, खुर्च्यांचे पैसे कोणी द्यायचे, आणि टूर चालवणाऱ्याचा परवाना क्रमांक. थायलंडमध्ये टूर विकायला तिथल्या पर्यटन विभागाचा परवाना लागतो आणि त्याला क्रमांक असतो. तो पावतीवर लिहून द्या म्हटलं की खरा दुकानदार लगेच लिहितो, दुसरा विषय बदलतो. किनाऱ्याचं नावही लिहून मागा. ‘कोरल आयलंड’ एवढंच लिहिलं असेल तर त्याने काहीच कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॅन साडेआठला येते, आणखी तीन-चार हॉटेलं फिरते, आणि कपड्यांवर रंगीत स्टिकर लावून तुम्हाला पंचवीस-तीस जणांच्या स्पीडबोटीत बसवतात. ‘ओन्ली कपल’ इथेच संपलं. बोट दहा-पंधरा मिनिटांत थांबते, पण बेटावर नाही. समुद्रात नांगरलेल्या एका मोठ्या तराफ्यावर सगळ्यांना उतरवतात. हा पॅरासेलिंगचा, म्हणजे बोटीने ओढलेल्या पॅराशूटला लटकून हवेत उडण्याचा, थांबा. पावतीवर त्याचा उल्लेख नव्हता आणि तुम्ही तो मागितलाही नव्हता.

तराफ्यावर पाऊण-एक तास जातो. ज्यांना पॅरासेलिंग करायचं नाही, त्यांनाही तेवढा वेळ तिथेच उभं राहावं लागतं, कारण बोट सगळ्यांची एकच. ऊन वरून, हेलकावे खालून. पोट ढवळायला लागलं की माणूस ‘चला, करूनच टाकू’ म्हणतो. मागून येणारा खर्च तर वेगळाच. हवेतली चक्कर असते दोन-तीन मिनिटांची. पाण्यात पाय बुडवून वर नेण्याचे वेगळे पैसे, फोटोचे वेगळे, व्हिडिओचे वेगळे. तुम्हाला न विचारता काढलेला फोटो परतीच्या वेळी प्लेटवर किंवा फ्रेममध्ये छापून समोर धरतात. तो घेण्याचं कसलंही बंधन नाही. ‘नो, थँक यू’ एकदाच म्हणा आणि पुढे व्हा. भाव विचारलात की घासाघीस सुरू झालीच.

त्यानंतर सी-वॉकचा थांबा. डोक्यावर हेल्मेट चढवून समुद्रतळावर चालायचं, वरून नळीने हवा येते. प्रकार चांगला चालवला तर आनंदाचा आहे, पण सर्दी, सायनस, दमा, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर खाली उतरू नये, कारण काही मीटर खोलीवरही कानांवर आणि नाकामागच्या पोकळ्यांवर दाब येतो. हे समजावून सांगायला तिथे कोणी थांबत नाही. इंग्रजीतला किंवा थाईतला एक कागद पुढे करून सही घेतात. तो कागद वाचा. बहुतेक वेळा त्यात जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असते.

किनाऱ्याला लागेपर्यंत अकरा वाजलेले असतात, आणि तो किनारा तावेन. बेटावरचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात गर्दीचा, जिथे टूरच्या बहुतेक स्पीडबोटी येतात. तियेनचं काय झालं विचारलं तर उत्तर तयार असतं: आज लाटा जास्त आहेत. मे ते ऑक्टोबर पावसाळ्यात लाटा खरंच असतात, म्हणून हे पटतं. पण तसं असेल तर सकाळी बोटीत बसण्याआधीच सांगता आलं असतं. मग खुर्च्यांचे माणशी १०० बाथ, कोमट भात-आमटीचं ‘इंडियन लंच’, आणि एक-दीडला ‘बोट निघाली, चला चला’. पूर्ण दिवसाच्या टूरमध्ये वाळूवर मिळाला तो फार तर दीड-दोन तास. शांत किनारा राहिला फोटोत.

इतपत झालं तर भुर्दंड हजार-दोन हजार बाथचा. खरं मोठं नुकसान होतं ते जेट स्कीत, म्हणजे पाण्यावरच्या भाड्याच्या स्कूटरमध्ये, आणि जोडपं तिथे जास्त सापडतं, कारण सोबतीला आणखी चार माणसं नसतात.

प्रकार असा चालतो. अर्ध्या तासाला हजार-दीड हजार बाथ सांगतात. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागतात, नाहीतर ‘नंतर द्या’ म्हणून उदारपणा दाखवतात. मशीन पाण्यातच उभं असतं, त्यामुळे तुम्हाला दिसतो फक्त वरचा भाग. परत आलात की ते लगेच वाळूवर ओढतात, आडवं करतात आणि पुढच्या टोकाखालचा ओरखडा किंवा कडेच्या रबरी पट्टीजवळची चीर बोटाने दाखवतात. ही चीर कितीतरी जुनी असते. कधी ती मेणाने किंवा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाने झाकलेली असते आणि अर्ध्या तासाच्या धुलाईत उघडी पडते. मागणी तीस-चाळीस हजार बाथपासून सुरू होते. भोवती आठ-दहा जण जमतात, आवाज चढतो. नवऱ्याला एका बाजूला घेतात, बायकोला सामानापाशी थांबवतात, म्हणजे दोघांना एकमेकांशी बोलता येऊ नये. मग एक समजूतदार माणूस मध्ये पडतो, ‘तुम्ही पाहुणे, मी यांना समजावतो’ म्हणतो आणि रक्कम निम्म्यावर आणतो. हा मध्यस्थ त्यांचाच असतो. मूळ आकडा इतका मोठा सांगतात तो याचसाठी, की निम्मी रक्कम देताना सुटल्यासारखं वाटावं. पुढची पायरी म्हणजे एटीएमपर्यंत सोबत. टूरची बोट सुटायला वीस मिनिटं उरलेली असतात. अडला हरी, पैसे निघतात.

म्हणून सरळ सांगणं असं: को लानवर जेट स्की घेऊच नका. घ्यायचीच असेल तर आधी मशीन वाळूवर किंवा ट्रॉलीवर चढवायला सांगा. नकार मिळाला तर तिथून निघा. चढवलं तर मोबाइलवर एकाच सलग व्हिडिओत पुढचं टोक, दोन्ही कडा, तळ, मागची जाळी, मशीनवरचा नोंदणी क्रमांक आणि मालकाचा चेहरा घ्या. असलेला प्रत्येक ओरखडा त्याच्यासमोर बोट लावून बोलून दाखवा. भाडं, वेळ आणि ‘आधीचे ओरखडे’ कागदावर लिहून घ्या. दोघांनी एकत्र जाऊ नका. एकाने किनाऱ्यावर फोन आणि पैसे घेऊन थांबावं. पासपोर्ट कुणाच्याही हातात देऊ नका. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, तारण ठेवायची वस्तू नव्हे, आणि तो अडकला तर बँकॉकच्या भारतीय दूतावासात हेलपाटे आणि परतीचं विमान हुकणं हे दोन्ही होतं. ओळखीसाठी झेरॉक्स द्या.

मागणी झालीच तर उघड्या किनाऱ्यावर, लोकांच्या नजरेत उभे राहा. कुठल्या खोलीत, दुकानात किंवा गाडीत जाऊ नका. एकमेकांपासून दूर होऊ नका. टुरिस्ट पोलिसांचा क्रमांक ११५५, चोवीस तास चालतो आणि इंग्रजी समजतं. फोन त्यांच्यासमोर लावा, स्पीकरवर ठेवा. शांत आवाजात एवढंच म्हणा की मशीन पोलिसांना दाखवू, दुरुस्तीचा अंदाज वर्कशॉपमधून लेखी आणू, आणि मग बोलू. ओरडू नका, कुणाला हात लावू नका. थायलंडमध्ये चारचौघांत आवाज चढवला की समोरचा माघार घेत नाही, उलट हट्टाला पेटतो. बोट सुटेल याची भीती वाटेल. ती सुटू द्या. ना बान या बेटावरच्या मुख्य गावाच्या धक्क्यावरून पटायाला परतायला साधी फेरी मिळते, हे माहीत असलं की त्यांच्या हातातला मोठा पत्ता गेला.

लहान सापळे दोन, थोडक्यात. समुद्री मासळीच्या मेनूवर लिहिलेला भाव बऱ्याचदा १०० ग्रॅमचा असतो. २०० बाथ वाचून सातशे ग्रॅमचा मासा सांगितलात तर बिल १४०० चं. मासा तुमच्यासमोर वजन करून एकूण रक्कम पाटीवर लिहून घ्या, मगच शिजवायला सांगा. दुसरा सापळा भाड्याच्या स्कूटरचा. बेटावरचे रस्ते चढ-उताराचे आहेत, वळणांवर वाळू सांडलेली असते. दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर प्रवास विमा अपघाताचा दावा नाकारू शकतो, आणि ओरखड्यांचा खेळ इथेही तोच.

आता न फसता कसं जायचं. पटायाच्या बीच रोडवरून निळी सोंगथेव (मागे दोन बाकं असलेली सामायिक पिकअप गाडी) पकडा आणि बाली हाय धक्क्यावर सकाळी आठच्या आत पोचा. हा धक्का वॉकिंग स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला आहे. आत शिरतानाच कोणीतरी आडवा येईल: फेरी गेली, पुढची दोन तासांनी, स्पीडबोट माणशी ३०० फक्त. थांबू नका. धक्क्यावर पुढे जाऊन स्वतः बघा. दुमजली फेरीचं तिकीट ३० बाथच्या आसपास असतं, ते फेरीच्या खिडकीवरच किंवा बोटीपाशी मिळतं. पाऊण तासात ना बान. फेऱ्या तावेनलाही जातात, पण कमी, म्हणून ना बानचीच घ्या. तिकीट एकेरी असतं, तेच सोयीचं. परतताना जी बोट आधी असेल तिचं काढायचं. ‘रिटर्न’ची चिठ्ठी विकणाऱ्याकडून घेतलीत की पुन्हा एका माणसाच्या वेळेला बांधले गेलात.

ना बानहून किनाऱ्यांकडे सामायिक सोंगथेव किंवा मोटारसायकल टॅक्सी मिळते, माणशी ४० ते ६० बाथ. बसण्याआधी बोटांवर आकडा दाखवून पक्का करा, आणि तो माणशी की दोघांचा हेही विचारा. निवांतपणासाठी समे किंवा तियेन, कामाच्या दिवशी. शनिवार-रविवारी बँकॉकची मंडळी येतात. उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या वेळापत्रकाच्या पाटीचा फोटो काढून ठेवा आणि शेवटच्या फेरीच्या आधीची फेरी धरा, कारण शेवटच्या फेरीला रांग लागते आणि जागा संपली तर स्पीडबोटवाला म्हणेल तो भाव.

दोघांचा हिशेब असा: फेरी जाऊन-येऊन १२०, बेटावरची वाहनं १६० ते २४०, दोन खुर्च्या २००, जेवण आणि शहाळी ६००, आंघोळ-स्वच्छतागृह ४०-५०. सगळं मिळून बाराशे बाथच्या आसपास, आणि किनाऱ्यावर सहा तास.

पॅकेज मुंबई-पुण्याहून आधीच घेतलं असेल तर निघण्यापूर्वी एजंटाला व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा: बेटावरचा किनारा कोणता, वाटेतले थांबे कोणते, ऐच्छिक खेळ न करणाऱ्यांना थेट बेटावर नेणार का, परत किती वाजता. फोनवरचं आश्वासन पुढे उपयोगी पडत नाही. प्रत्यक्षात वेगळं घडलं तर त्याच दिवशी फोटो, वेळ आणि पावत्या त्याच चॅटवर पाठवा. परत आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येतं. एजंटाचं ऑफिस दुसऱ्या शहरात असलं तरी चालतं. मुदत दोन वर्षांची आहे. आगाऊ रक्कम यूपीआयने घेऊन एजंट गायबच झाला असेल तर वाट बघू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर लगेच फोन करा. जितका लवकर, तितकी खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.