झेडरॅम की झेडस्वॅप? मी झेडस्वॅपकडे का वळलो

माझ्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी आणि तीही बोर्डावरच डाग दिलेली, त्यामुळे वाढवायचा प्रश्नच नाही. त्यावर लिनक्समध्ये दोन वर्षं झेडरॅम वापरली आणि गेलं वर्षभर झेडस्वॅप वापरतोय. रॅम अपुरी पडली की पडून असलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) थेट डिस्कवरच्या राखीव जागेत, म्हणजे स्वॅपमध्ये, न पाठवता दाबून रॅममध्येच ठेवायची, इथपर्यंत दोघांचं काम सारखंच. फरक पडतो तो जागा संपल्यावर, आणि माझा निर्णयही तिथेच झाला.

आधी झेडरॅमचं श्रेय तिला देतो. डिस्क लागत नाही, वेगळं पार्टिशन लागत नाही, दोन ओळींत काम होतं. २०१४ मध्ये ३.१४ कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) वेळी ती स्टेजिंगमधून, म्हणजे अजून कच्च्या असलेल्या कोडच्या विभागातून, बाहेर आली. २०२० च्या फेडोरा ३३ पासून लिनक्सच्या त्या वितरणात ती मुळातच चालू असते. एसडी कार्डावर चालणाऱ्या छोट्या बोर्डावर मी आजही डोळे झाकून झेडरॅमच लावतो, कारण स्वॅप लिहून लिहून कार्ड झिजवणं मला पटत नाही.

लॅपटॉपवरही सुरुवातीचे काही महिने छान गेले. ८ जीबीची झेडरॅम (दाबण्याआधीच्या मापाने), झेडएसटीडी कॉम्प्रेशन, आणि अडीनडीला हाताशी असावा म्हणून डिस्कवर कमी प्रायॉरिटीचा स्वॅप. माझ्या कामातली पानं साधारण तिसऱ्या हिश्शात बसायची, म्हणजे हिशेबही जुळत होता.

पण मी मशीन बंद करत नाही, नुसतं झाकण मिटतो. पाच-सहा दिवस झाले की एखादं मोठं कंपाइल लावताना एडिटरमधून टर्मिनलमध्ये जायला तीन-चार सेकंद लागायचे. कर्सर जागच्या जागी थिजायचा आणि डिस्कचा दिवा सारखा लुकलुकायचा. बरेच दिवस मी ब्राउझरलाच दोष देत होतो. शेवटी स्वॅपची यादी उघडून पाहिली, तर झेडरॅम काठोकाठ भरलेली आणि डिस्कवरचा स्वॅप दर मिनिटाला वाढतोय.

कारण साधं आहे. कर्नल जास्त प्रायॉरिटीचा स्वॅप आधी भरतो आणि तो भरला की पुढच्याकडे जातो. झेडरॅममध्ये गेलेलं पान मात्र कुणी मागेपर्यंत तिथेच बसून राहतं. सोमवारी सुरू करून विसरलेलं व्हर्च्युअल मशीन, चार दिवस न पाहिलेले टॅब, सगळं त्या वेगवान जागेत. आणि पाच मिनिटांपूर्वी हातात असलेल्या एडिटरची पानं डिस्कवर. शिळं आत आणि ताजं बाहेर, असा उलटा कारभार. झेडरॅम बंद करून पुन्हा चालू करावी, तर आतलं सगळं उलगडायला रॅम हवी, आणि नेमकी त्याच वेळी ती नसते.

यावर उपाय नाही असं नाही. आताच्या कर्नलमध्ये झेडरॅमला मागे एक डिव्हाइस जोडून पडीक पानं तिकडे पाठवता येतात. पण कुठली पानं पडीक हे ठरवून तसा हुकूम आपणच द्यावा लागतो. मी त्यासाठी स्क्रिप्ट लिहिली, टायमर लावला. दोन महिने आकडे बदलत बसलो, तरी मनासारखं जमलं नाही. कुणाला जमलं असेल तर त्यांनी झेडरॅम सोडायचं कारण नाही.

झेडस्वॅपमध्ये हे काम कर्नल स्वतः करतो. तो डिस्कवरच्या खऱ्या स्वॅपच्या पुढ्यात उभा असतो. त्याची जागा मुळात रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत वाढते. ती भरली की सगळ्यात जुनं पान उलगडून डिस्कवर जातं आणि ताज्याला जागा होते. ६.८ पासून जागा भरायच्या आधीच थंड पानं बाहेर काढायची सोयही आहे, ती मी चालू ठेवली आहे. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण तेच कंपाइल, तेच टॅब, आठवडाभर चालू मशीन, आणि तो थिजलेला कर्सर पुन्हा दिसलेला नाही. शिवाय डिस्कवर स्वॅप असल्यामुळे हायबरनेशन (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) चालतं, जे नुसत्या झेडरॅमवर शक्यच नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. एसएसडीवर थोडंफार लिहिलं जातंच. दाबून ठेवलेल्या प्रत्येक पानासाठी डिस्कच्या स्वॅपमध्येही जागा अडकते, म्हणून स्वॅप तोकडा ठेवून चालत नाही; मी रॅमइतका ठेवला आहे. झेडरॅमची आकडेवारी एका कमांडमध्ये नीट कळते, झेडस्वॅपसाठी कर्नल ५.१९ पासून मेमइन्फोमध्ये (कर्नलच्या मेमरी-आकडेवारीच्या फाइलमध्ये) आलेल्या दोन ओळींवरच मी भागवतो.

डिस्कवर स्वॅप नकोच असेल किंवा मशीन रोज बंद होत असेल, तर बहुधा झेडरॅमच बरी. मशीन दिवसेंदिवस चालू राहत असेल आणि बरा एसएसडी असेल, तर मी झेडस्वॅपच सुचवेन.

बदल करताना एक मात्र बघा: दोन्ही एकदम चालू ठेवू नका. झेडस्वॅप पानं आधीच स्वतःकडे घेतो आणि मागची झेडरॅम जवळजवळ रिकामी राहते. काही वितरणांच्या कर्नलमध्ये झेडस्वॅप आधीपासूनच चालू असतो, त्यामुळे झेडरॅम ठेवणार असाल तरी तो बंद आहे ना, हे तपासून घ्या.