कीटकाच्या अंगाचे खंड कसे पडतात हे शिकायचंय: फळमाशी घ्यायची का पिठातला किडा?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कीटकांच्या गर्भाचा विषय घेतला की पहिला प्रश्न हाच, फळमाशी घ्यायची का ट्रायबोलियम, म्हणजे जुनं पीठ चाळलं की चाळणीत उरतो तो तांबूस बारीक किडा.

माशीचं मोठं सुख म्हणजे वेग. साधारण 24 तासांत अंड्यातून अळी बाहेर, दहाएक दिवसांत पुढची पिढी. पहिल्या तीन तासांतच खंडांचा आराखडा बराचसा ठरलेला असतो, कारण तोवर पेशी वेगळ्या झालेल्याच नसतात, सुमारे 6000 केंद्रकं एकाच पिशवीत असतात आणि आईने अंड्याच्या पुढच्या टोकाला ठेवलेल्या आरएनएपासून बनलेलं बायकॉइड प्रथिन सरळ मागे पसरत जातं, पुढे दाट मागे विरळ. त्यावरून गॅप जीन्स (खंड आखणाऱ्या जीन्सचा पहिला गट) रुंद पट्टे आखतात, मग पेअर-रूल जीन्स या पुढच्या गटाचे सात पट्टे आणि शेवटी एनग्रेल्ड या जीनचे चौदा. ईव्ह या पेअर-रूल जीनचा एकटा दुसरा पट्टाच बघा ना, बायकॉइड आणि हंचबॅक हा गॅप जीन त्याला चालू करतात, पुढून जायंट दाबतो, मागून क्रुपेल दाबतो (हेही गॅप जीनच), मधे उरते ती अरुंद पट्टी. मला अजूनही हे बघताना भारी वाटतं! न्यूसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस या शास्त्रज्ञांनी हायडलबर्गला बिघडलेल्या अळ्या तपासून हे जीन्स शोधले, 1980 ला पेपर आला, 1995 ला एडवर्ड लुईस या माशीवरच काम करणाऱ्या शास्त्रज्ञासोबत नोबेल. त्यामुळे म्युटंट (जीन बिघडलेल्या माशा), अँटिबॉडी, प्रोटोकॉल सगळं तयार मिळतं.

पण माशी हा अपवाद आहे हो. एकदम सगळे खंड आखायची तिची पद्धत बहुतेक कीटकांत नाही. ट्रायबोलियममध्ये डोक्याचे आणि छातीचे खंड आधी ठरतात, पोटाचे मागच्या वाढत्या टोकातून एकामागून एक येतात, आणि तिथे पेअर-रूल जीन्स घड्याळासारखे चालू-बंद होत राहतात, हे 2012 मध्ये दिसलं. आपल्या मणक्यांचे खंडसुद्धा अशाच घड्याळावर पडतात. बायकॉइड तर या किड्यात नाहीच.

शिवाय मादीला डबल-स्ट्रँडेड आरएनए टोचलं की तिच्या पिल्लांतच जीन बंद पडतो, माशीत हे असं जमत नाही, तिथे क्रॉस लावत (ठरावीक माशांच्या जोड्या जुळवत) बसावं लागतं. उलट बाजू म्हणजे किड्याची पिढी महिनाभराची आणि तयार सामान कमी.

माझं मत, हातात सहाच महिने असतील किंवा जीन्सचं लॉजिक पहिल्यांदाच शिकत असाल तर माशी घ्या, बिनधास्त. प्रश्नच जर 'वाढता वाढता खंड कसे पडतात' हा असेल आणि वर्षभर वेळ असेल तर किडाच घ्या, माशीत ते दिसणारच नाही. फक्त अंडी गोळा करायचा मैदा आधीच बारीक जाळीतून दोनदा चाळून ठेवा, नाहीतर अंडी आणि पिठाच्या गुठळ्या वेगळ्या करता करता सकाळ जाते.