गोलात गोल फिरवायचा डेमो सेट: प्रयोग भारी, मोटर बेकार

बाहेरचा पारदर्शक गोल स्थिर, आतला फिरणारा, मधल्या अरुंद फटीत सिलिकॉन ऑइल न अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण. हळू फिरवलं तर फार काही दिसत नाही, तेल विषुववृत्तापाशी बाहेर फेकलं जातं न ध्रुवांकडून परत येतं, पण स्पीड एका मर्यादेपुढे गेला की विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना टेलर भोवऱ्यांचे, म्हणजे आतल्या गोलाला कड्यासारखे वेढणाऱ्या भोवऱ्यांचे, पट्टे उमटतात, एक नंबर! आणि खरी गंमत म्हणजे त्याच स्पीडला भोवरे किती दिसणार हे तुम्ही स्पीड किती झटक्यात वाढवला त्यावर ठरतं. नेमकी इथेच मोटर घात करते, नॉबला हात लावला की धक्का देऊन पळते, मग सावकाश वाढवून बघायचं कसं? सोबतचा छोटा गोल आत लावला की फट रुंद होते, मग हे पट्टे नाहीत, वेगळ्याच लाटा येतात. तीन स्टार, मोटर बदलली तर पाच.