लिमिटेड रिलीज क्राफ्ट बिअर: कुडाळात राहून काही महिने प्यायल्यानंतर

पावसाळा सरल्यापासून मेअखेरपर्यंत मी जवळजवळ फक्त लिमिटेड रिलीज बिअरच प्यायलो. कॅनवर 'एकदाच बनवलेली', 'फक्त या मोसमापुरती' असं छापलेलं असतं आणि दोन दिवसांत इन्स्टाग्रामवर 'संपली' अशी पाटी लागते, त्या बिअर. बहुतेक पुण्या-मुंबईच्या छोट्या ब्रुअरींच्या (बिअर बनवणाऱ्या कारखान्यांच्या), काही गोव्याच्या. गोव्यातल्या गोव्यातच बसून प्यायलो, कारण परवानगीशिवाय गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी ओलांडून बाटली आणणं हा गुन्हा आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. पुण्याच्या बिअर माझा मावसभाव येता-जाता आणायचा. पिण्याचा परवाना आम्हा दोघांकडेही आहे.

बिअर बहुतेक वेळा चांगलीच निघाली. पण कॅनवर जी किंमत लावलेली असते ती ज्या चवीसाठी असते, ती चव कुडाळपर्यंत टिकून येतेच असं नाही. आणि 'लिमिटेड' या शब्दाचे जे जादा पैसे घेतात, त्यांतला काही भाग मला पटतो, काही अजिबात पटत नाही.

आधी पैशांचं बघू. आमच्याकडच्या बिअर शॉपीत 650 मिलीची साधी लागर (नेहमीची पिवळी, हलकी बिअर) 200 रुपयांच्या आसपास मिळते. मी घेतलेले कॅन 330 मिलीचे 300 रुपयांना आणि 500 मिलीचे 450 पर्यंत. लिटरचा हिशेब केला तर साधी बिअर 300 रुपये आणि ही 900. तिप्पट.

ही तिप्पट किंमत निव्वळ लूट आहे असं मी म्हणणार नाही. साध्या लागरला लिटरमागे एक-दोन ग्रॅम हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, पुरतात. दाट, गढूळ दिसणाऱ्या हेझी आयपीएत (आयपीए म्हणजे हॉप्सवर भर असलेली बिअर) दहा-पंधरा ग्रॅम, कधी त्याहून जास्त जातात, आणि हे हॉप्स बहुतेक अमेरिकेतून किंवा जर्मनीतून येतात. शिवाय दारू जीएसटीच्या बाहेर आहे. म्हणजे ब्रुअरी कॅनवर, यंत्रांवर जो जीएसटी भरते तो तिला पुढच्या करातून वळता करून घेता येत नाही, तो किमतीतच बसतो. नवीन बिअर म्हटली की उत्पादन शुल्क खात्याकडे नवीन लेबलची नोंदणी आली, तिची फी आली. मोठी कंपनी ही फी लाखो बाटल्यांवर पसरवते. छोट्या ब्रुअरीने एकाच टाकीची बिअर काढली तर तीच फी थोड्याशा कॅनवर पडते. थोडी बनवली म्हणून महाग, हे या अर्थाने खरं आहे आणि हे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती घाईच्या, म्हणजे 'संपायच्या आत घ्या' या भीतीच्या पैशांना. परदेशात या प्रकाराची सुरुवात वेगळ्या कारणांनी झाली. बेल्जियममधल्या सेंट सिक्स्टस मठातले भिक्षू वेस्टव्लेटेरन 12 नावाची बिअर बनवतात. मठाचा खर्च भागेल एवढीच बनवायची हे त्यांचं धोरण आहे. अनेक वर्षं फोनवर नोंदणी करून, गाडीचा नंबर देऊन ती न्यावी लागे, आणि नेलेली बिअर पुन्हा विकायची नाही अशी अट असते. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या द अल्केमिस्ट ब्रुअरीची हेडी टॉपर बिअर गाजली ती ताज्या हॉप्सच्या वासावर. कॅलिफोर्नियातली रशियन रिव्हर ब्रुअरी दर वर्षी थोडेच दिवस प्लायनी द यंगर ही बिअर देते आणि लोक तिच्यासाठी रांगा लावतात. पुरवठा कमी असण्यामागे तिथे काहीतरी ठोस आहे. आपल्याकडे मात्र मला असे कॅन मिळाले ज्यांत नेहमीच्याच आयपीएत एखादा हॉप बदललेला, चित्र नवीन, आणि किंमत दीडपट. वेस्टव्लेटेरन 12 मध्ये 10 टक्क्यांवर मद्यार्क असतो. आपल्याकडे बनणाऱ्या बिअरमध्ये तो साधारण 8 टक्क्यांपर्यंतच असतो. जड, वर्षानुवर्षं मुरवायच्या ज्या बिअरवर परदेशातली निम्मी हवा उभी आहे, तसली बिअर इथे मुळात होतच नाही. पण हवा मात्र जशीच्या तशी इथे आली आहे.

आता उन्हाळ्याबद्दल. किनाऱ्यावर राहणाऱ्याला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

बिअर बनवणाऱ्यांत एक ठोकताळा आहे: बिअर 3 अंश सेल्सिअसला 300 दिवसांत जितकी शिळी होते, तितकी 22 अंशांना 30 दिवसांत आणि 32 अंशांना 3 दिवसांत होते. हा काटेकोर नियम नाही, पण दिशा अगदी बरोबर आहे. मार्च ते मे कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्यात दुपारी 32 अंश म्हणजे काही विशेष नाही. पुण्याहून रात्रीच्या बसच्या डिकीत आलेला, मग दुकानात खोक्यातच राहिलेला कॅन कागदावर महिन्याभराचा असला तरी जिभेला वर्षभराचा लागतो. हेझी आयपीएला याचा सर्वांत जास्त फटका बसतो. तिचा आंब्या-संत्र्यासारखा वास हॉप्समधल्या उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. उष्णता आणि आत राहिलेला थोडासा ऑक्सिजन मिळून तो वास मारतात. रंग पिवळ्यावरून मळकट करड्याकडे जातो, आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी एक चव मागे उरते. वळवाचा पाऊस सुरू झाला की आमच्याकडे वीज वारंवार जाते. काही दुकानांत रात्री फ्रिज बंदच करतात. अशाच एका दुकानातून 400 रुपये देऊन घेतलेला कॅन मी बेसिनमध्ये ओतला.

आमच्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. पहाटे उतरवलेली माडी सकाळी गोड असते आणि संध्याकाळपर्यंत आंबते, म्हणून ती माडाजवळ बसूनच प्यायची असते. हेझी आयपीएचंही तसंच आहे, फक्त तासांच्या जागी आठवडे.

हे माझ्याच मनाचे खेळ तर नाहीत ना, हे पाहण्यासाठी मित्रांना घेऊन तीन ग्लासांची चाचणी करून पाहिली. ब्रुअरीतही ही पद्धत वापरतात: दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कोणती ते ओळखायचं. बर्फाच्या पेटीतून आणून थेट फ्रिजमध्ये ठेवलेला कॅन आणि त्याच तारखेचा दुकानातला कॅन, यांतला फरक सगळ्यांनी ओळखला. वास घेऊनच. मग एका ब्रुअरीची नेहमीची आयपीए आणि तिचीच लिमिटेड आयपीए, दोन्ही ताज्या, समोर ठेवल्या. बहुतेकांना फरक सांगता आला नाही, आणि ज्यांनी बरोबर ओळखलं त्यांतल्या निम्म्यांना स्वस्तातलीच आवडली. व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या स्टाउटचं, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअरचं, मात्र वेगळं. लाकडाचा, व्हॅनिलाचा, भाजलेल्या खोबऱ्याकडे झुकणारा वास नेहमीच्या स्टाउटमध्ये नव्हता आणि तो कोणालाही चुकला नाही. तिथे जादा पैशांच्या बदल्यात काहीतरी खरोखर मिळतं. शिवाय स्टाउट गरमीत इतक्या लवकर मरत नाही.

या महिन्यांत मला मनापासून आवडलेली बिअर म्हणजे कोकम गोझं. गोझं ही जर्मनीची जुनी गव्हाची बिअर, मूळची गोस्लार गावची, गाजली लाइपझिगमध्ये. ती आंबट असते आणि तिच्यात मीठ आणि धणे घालतात. आंबट, खारट, थोडा मसाला: आपल्याकडे कोकम सरबतात आपण हेच करतो, धण्यांच्या जागी जिरं. त्यामुळे या बिअरमध्ये कोकम ओढून-ताणून आणलेलं वाटत नाही. माझ्या काकांनी, ज्यांनी जन्मात लागरशिवाय दुसरी बिअर प्यायलेली नाही, एक घोट घेतला आणि म्हणाले, "ह्यां तर कोकमाचां सरबत, वायच कडू." आणि दुसरा ग्लास मागितला. मद्यार्क कमी, आंबटपणा जास्त, त्यामुळे ती प्रवासातही बरीच तग धरते. तळलेल्या बांगड्याबरोबर हिच्यासारखं दुसरं काही नाही. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्याबरोबरही छान लागते. याउलट कडक आयपीए मालवणी मसाल्याबरोबर घेऊ नका. हॉप्सचा कडूपणा आणि मिरचीची आग एकमेकांना चढवतात आणि शेवटी ना माशाची चव लागते ना बिअरची.

कोकम एप्रिल-मेमध्ये पिकतं, पावसाआधी काढून सोलं वाळवावी लागतात. ताज्या रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, बिअर वर्षातून एकदाच होणार, हे मला पटतं. हा खरा मोसम आहे आणि त्यासाठी मी वाट बघेन, पैसेही देईन. हापूसच्या बिअरचं मात्र तसं नाही. आमरसाचे डबे वर्षभर मिळतात. डब्यातला रस घालून केलेली बिअर 'फक्त या उन्हाळ्यात' म्हणून विकायची, हे मला पटत नाही. मी प्यायलेल्या आंब्याच्या बहुतेक बिअरमध्ये आंबा शेवटी फिका आणि जरा शिजवलेला लागत होता. कारणही साधं आहे: आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे फार थोडा वास उरतो. गोडवा राखायचा म्हणून रस नंतर घातला आणि कॅन थंड राहिला नाही, तर आत पुन्हा आंबवण सुरू होतं. माझ्याकडे एक कॅन खालून फुगून आला होता, तो उघडायचं धाडस केलं नाही.

घेताना मी आता काय बघतो ते सांगतो. कॅनच्या बुडाशी भरल्याची तारीख. आयपीए एक-दीड महिन्याच्या आतली नसेल तर घेत नाही, मग चित्र कितीही सुंदर असो. गोझं सहा महिन्यांपर्यंत चालते, स्टाउट वर्षभर. दुकानदाराला फ्रिज रात्री चालू असतो का ते विचारतो, त्याला राग आला तरी. घरी कॅन बर्फगार करत नाही, फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबतो, कारण अतिथंड बिअरला वास येत नाही आणि आपण पैसे दिलेले असतात वासाचे. कॅनला तोंड लावून तर कधीच पीत नाही. हेझी आयपीए प्यायचीच असेल तर पुण्याला गेलो की ब्रुअरीतच, टाकीजवळ बसून. तिथला ग्लास महाग असतो, पण ती बिअर मरायच्या आत पोटात जाते.

आमच्या फळांच्या नावावर बिअर विकणाऱ्या ब्रुअरींकडे माझी एक मागणी आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली आणि हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कॅनवर 'कोकणचा हापूस' असं मोठ्या अक्षरांत छापता, तर फळ कोणत्या तालुक्यातून घेतलं, ताजं घातलं की डब्यातलं, आणि कॅन कधी भरला, हेही तेवढ्याच ठळकपणे छापा. रातांब्याला काय भाव दिलात तेही सांगितलंत तर उत्तम. किती कॅन बनवले हा आकडा छापायला जागा असते, तर या चार ओळींनाही होईल.